मोटारीच्या ब्रेक लाइटमधील बिघाड कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेक लाइट हा चालकासाठी नसून पूर्णपणे मागून येणाऱ्यासाठी असलेला दिवा आहे, आणि म्हणूनच तो बंद पडला तरी चालकाला दिवसेंदिवस त्याचा पत्ता लागत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या आणि मागे फिलामेंटचे बल्ब असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एलईडी दिव्यांचा आणि संगणकाद्वारे नियंत्रित होणाऱ्या गाड्यांचा विचार शेवटाकडच्या भागात केला आहे.

ब्रेक लाइट लागत नाही, हे गाडीत एकटे बसलेल्या माणसाला कसे कळावे?

संध्याकाळनंतर गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशांत पाहावे. डावा, उजवा आणि मधला अशा तिन्ही दिव्यांचा लाल उजेड वेगवेगळा ओळखता येतो. सिग्नलला मागे उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर आणि हेडलाइटच्या काचेतही तो दिसतो. हे जमत नसेल तर मोबाइल मागे उभा करून त्यावर व्हिडिओ सुरू करावा आणि पेडल चार-पाच वेळा दाबून मग पाहावा. एक लक्षात असू द्यावे की हँडब्रेक ओढल्याने ब्रेक लाइट लागत नाही आणि तो लागणे अपेक्षितही नाही, कारण हा दिवा पायाच्या ब्रेकशी जोडलेला असतो.

काही गाड्यांत बिघाडाची सूचना अगदी वेगळ्या वाटेने मिळते. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून (पार्क) हलत नाही, बटण दाबून सुरू होणारी गाडी ब्रेक दाबूनही सुरू होत नाही किंवा ठरवलेला वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल लागत नाही, अशा वेळी लोक बॅटरी आणि स्टार्टर तपासत बसतात. या तिन्ही व्यवस्थांना ‘ब्रेक दाबला आहे’ हा निरोप ब्रेक पेडलजवळच्या स्विचकडून जातो, त्यामुळे अशी तक्रार आली की सर्वांत आधी मागे जाऊन ब्रेक लाइट लागतो का ते पाहावे.

हे सर्किट नेमके कसे जोडलेले असते?

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून करंट फ्यूज बॉक्समध्ये येतो, फ्यूजमधून ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला बसवलेल्या स्विचपर्यंत जातो, पेडल दाबल्यावर स्विचमधून पुढे निघून वायरिंगमधून मागे डिकीकडे पोहोचतो, तेथे डाव्या, उजव्या आणि मधल्या दिव्यांत विभागला जातो आणि प्रत्येक दिव्यातून अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यावर, पत्र्यावरून पुन्हा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परततो. बहुतेक गाड्यांत हा फ्यूज किल्लीवर अवलंबून नसतो, त्यामुळे किल्ली काढलेली असतानाही ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो. काही गाड्यांत मात्र किल्ली ‘ऑन’ असावी लागते, म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून ठेवावी.

जुन्या काही गाड्यांत पेडलजवळ स्विच नसून ब्रेक ऑइलच्या पाइपवर दाबाने चालणारा स्विच असे. तशी गाडी असेल तर पेडलखाली शोधण्यात वेळ घालवू नये, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या) आसपास दोन वायरी जोडलेला स्विच पाहावा आणि त्यातून ऑइल पाझरत नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.

काहीही उघडण्यापूर्वी काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर निम्मे काम पाना न उचलता होते, आणि तरीही हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. एका माणसाला पेडल दाबायला बसवून मागे उभे राहावे आणि तिन्ही दिव्यांचे वागणे पाहावे. माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी काठी अडकवता येते.

तिन्ही दिवे बंद असतील तर बिघाड त्या तिघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा दिव्यांत विभागली जाण्यापूर्वीच्या वायरीत आहे. तीनही बल्ब एकाच दिवशी जाणे जवळपास अशक्य असते, मात्र एक आधीच गेलेला असून त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही, असे पुष्कळदा घडते. एकच दिवा बंद असेल आणि बाकी दोन लागत असतील तर फ्यूज आणि स्विच चांगले आहेत हे तिथेच सिद्ध झाले, आता त्यांना हात लावण्याचे कारण नाही. मधला लागतो पण खालचे दोन्ही लागत नाहीत, असे असेल तर दोन्ही बल्ब, त्यांचे होल्डर आणि मागच्या दिव्यांकडे जाणारा कप्लर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) यांकडे वळावे. खालचे दोन्ही लागतात आणि मधला लागत नाही, ही तक्रार हॅचबॅकमध्ये आली तर डिकीच्या बिजागरीजवळच्या वायरींवर पहिला संशय घ्यावा.

यानंतर पार्किंग लाइट लावून पुन्हा पाहावे, मग इंडिकेटर लावून पाहावे. ब्रेक दाबल्यावर दुसराच कोणता तरी दिवा मंद पेटला किंवा लागलेला दिवा विझला, तर बिघाड बहुधा अर्थिंगमध्ये आहे. त्याचे स्पष्टीकरण पुढे येते. शेवटी हॉर्न वाजवून पाहावा, कारण काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट यांना एकच फ्यूज असतो आणि दोन्ही एकदम गेले असतील तर शोध तिथेच संपतो.

एकाच बाजूचा दिवा लागत नाही. बल्ब बदलावा का?

होय, प्रथम बल्बच पाहावा, पण बदलण्यापूर्वी तपासावा. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत मागे डबल फिलामेंटचा, २१ आणि ५ वॅटचा बल्ब असतो. त्यातले २१ वॅटचे फिलामेंट ब्रेकसाठी आणि ५ वॅटचे टेल लाइटसाठी, म्हणजे पार्किंग लाइट लावल्यावर मागे लागणाऱ्या मंद दिव्यासाठी असते. टेल लाइट लागतो म्हणजे बल्ब चांगला आहे, हा समज इथे चुकीचा ठरतो, कारण दोन फिलामेंटपैकी एकच तुटलेले असू शकते. काचेतून तुटलेली तार दिसते किंवा काच आतून काळपट झालेली असते. डोळ्यांना खात्री पटत नसेल तर मल्टीमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारे उपकरण) ओहमवर ठेवून मोजावे. थंड असताना २१ वॅटच्या फिलामेंटचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहूनही कमी येतो. वॅट आणि व्होल्टच्या गणिताने तो सात ओहमच्या आसपास यायला हवा, असे वाटून चांगला बल्ब शॉर्ट समजला जातो. प्रत्यक्षात तार तापल्यावर तिचा रोध अनेक पटींनी वाढतो आणि गणितातला आकडा तापलेल्या तारेचा असतो.

याहून सोपा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंच्या बल्बची अदलाबदल करणे. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब, जागच्या जागी राहिला तर होल्डर किंवा वायर खराब.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्यावा. डबल फिलामेंटच्या बल्बच्या दोन खिळ्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, जेणेकरून तो एकाच पद्धतीने बसावा. जोर लावून उलटा बसवला तर टेल लाइटच्या जागी ब्रेकचे फिलामेंट पेटते. डबलच्या होल्डरमध्ये सिंगल फिलामेंटचा बल्ब दाबून बसवणे तर अधिक वाईट, कारण त्याचा मधला एकच संपर्कबिंदू होल्डरच्या दोन्ही संपर्कांना टेकून दोन वेगळी सर्किटे आपसांत जोडू शकतो आणि मग ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे आणि डॅशबोर्डही उजळू लागतो.

होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावा, स्प्रिंगसारखी पट्टी दबून गेली असेल तर ती बल्ब काढून आणि फ्यूज उपसूनच थोडी वर उचलावी. प्लॅस्टिक वितळलेले किंवा तपकिरी पडलेले असेल, तर होल्डर बदलावा. घासूनपुसून तो टिकत नाही.

फ्यूज कसा तपासावा? फ्यूज उडाला असेल तर मोठा घालावा का?

फ्यूज बॉक्सच्या झाकणावरील नकाशात ‘स्टॉप’ असे लिहिलेला फ्यूज शोधावा. तो बहुधा १० किंवा १५ अँपियरचा असतो, म्हणजे रंगाने अनुक्रमे लाल किंवा निळा. नुसते डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये, कारण तारेला केसाएवढी भेग असली तरी ती वरून अखंड दिसते. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे बिंदू असतात. टेस्ट लॅम्पची (एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेल्या तपासणीच्या दिव्याची) क्लिप स्वच्छ पत्र्याला लावून टोक आळीपाळीने दोन्ही बिंदूंना टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला, आणि कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंतच करंट येत नाही.

मोठ्या क्षमतेचा फ्यूज कधीही घालू नये, आणि सिगारेटची चांदी किंवा तारेचा तुकडा तर मुळीच नाही. २१ वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट घेतो. दोन खालचे आणि तसाच एक मधला धरला तरी बेरीज सव्वापाच अँपियर होते. तरीही १० अँपियरचा फ्यूज उडतो आहे, याचा अर्थ करंट नको त्या वाटेने जातो आहे. मोठा फ्यूज घातल्याने ती वाट बंद होत नाही, फक्त फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर सीटखालच्या कार्पेटमधून गेलेली असते.

ब्रेक स्विच खराब आहे, हे खात्रीने कसे ठरवावे?

ब्रेक स्विच स्वस्त असतो आणि सहज मिळतो, म्हणून तिन्ही दिवे बंद दिसले की तो न तपासता बदलण्याची पद्धत पडली आहे. माझ्या मते ही पद्धत सोडावी, कारण तपासणीला लागणारा वेळ बदलण्याच्या वेळेपेक्षा कमी असतो.

बहुतेक गाड्यांत पेडल वर असताना त्याचा दांडा स्विचची खिळी आत दाबून धरतो आणि संपर्क तुटलेला राहतो. पाय पडला की खिळी बाहेर येते आणि संपर्क जुळतो. दोन वायरींचा साधा स्विच असेल तर कप्लर न काढता त्याच्या मागच्या बाजूने टेस्ट लॅम्पचे टोक टेकवावे. एका वायरीवर दिवा सतत लागला पाहिजे आणि दुसरीवर फक्त पेडल दाबल्यावर. पहिलीवरच लागत नसेल तर दोष फ्यूजकडच्या बाजूला आहे. पहिलीवर लागतो, पण पेडल दाबूनही दुसरीवर लागत नसेल तर स्विच खराब आहे किंवा त्याची जागा सरकली आहे. दोन्हीवर लागतो आणि मागे दिवे मात्र बंद, तर स्विच सोडून पुढे मागच्या वायरिंगकडे जावे.

आणखी एक प्रकार आहे. दिवे लागतात, पण तिन्ही मंद. अशा वेळी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची दोन टोके स्विचच्या दोन वायरींना लावावीत आणि पेडल दाबून ठेवावे. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत असावा. एक-दोन व्होल्ट दिसत असतील तर आतले संपर्क जळून खरबरीत झाले आहेत आणि तेवढे व्होल्टेज स्विचमध्येच खर्च होते आहे.

चार वायरींच्या स्विचमध्ये सहसा दोन वेगळे संपर्क असतात, एक पेडल दाबल्यावर जुळणारा आणि दुसरा त्याच वेळी तुटणारा. दुसरा इंजिनच्या संगणकासाठी असतो. अशा स्विचच्या वायरी अंदाजाने एकमेकींना जोडून पाहू नयेत, त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा हाताशी असल्याशिवाय तर नाहीच. स्टिअरिंगच्या आसपासच्या पिवळ्या कप्लरना टेस्ट लॅम्प लावू नये. ते एअरबॅगचे असतात.

नवा स्विच बसवताना त्याचे अंतर हा कळीचा भाग आहे. चकतीच्या नटाने पुढे-मागे होणारा स्विच फार पुढे घेतला तर पेडल पूर्ण वर येत नाही आणि ब्रेक किंचित लागलेले राहून चाके तापतात. फार मागे ठेवला तर खिळी कधी पूर्ण दाबलीच जात नाही आणि दिवा सतत जळतो. आपोआप जुळणाऱ्या स्विचच्या बाबतीत पेडल दाबून धरून स्विच बसवावा आणि मग पेडल हळूच सोडावे, अशी बहुतेकांची रीत असते, परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली कृती प्रमाण मानावी.

ब्रेक लाइट बंदच होत नाही. रात्रभरात बॅटरी उतरते. कारण काय?

प्रथम पायाखालचे मॅट उचलून पाहावे. पेडलच्या दांड्यावर, जिथे स्विचची खिळी टेकते तिथे, काही गाड्यांत एक लहानसे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे बटण भोकात बसवलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन त्याचे तुकडे खाली पडतात आणि खिळी त्या रिकाम्या भोकातून आरपार जाते. स्विचच्या दृष्टीने पेडल कायमचे दाबलेले राहते. मॅटवर असे तुकडे सापडले तर स्विच बदलण्याची गरज नसते. त्या गाडीचे नेमके बटण मिळेपर्यंत योग्य मापाचा नट-बोल्ट त्या भोकात घट्ट बसवून काम भागते.

बटण शाबूत असेल तर पायाच्या पंजाने पेडल वर ओढून पाहावे. दिवा विझला तर अंतर बिघडले आहे किंवा पेडलची स्प्रिंग ढिली झाली आहे. तरीही विझला नाही तर स्विचचा कप्लर काढावा. कप्लर काढल्यावर दिवा विझला तर स्विच आतून चिकटला आहे, आणि कप्लर काढूनही जळत राहिला तर पुढे कुठेतरी दुसऱ्या चालू वायरीचा करंट या वायरीत उतरतो आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना फ्यूज काढून ठेवावा आणि निघताना तो पुन्हा बसवण्यास विसरू नये. सतत जळणारा ब्रेक लाइट बंद दिव्याइतकाच धोक्याचा असतो, कारण मागच्याला गाडी केव्हा थांबते आहे ते कळतच नाही.

ब्रेक दाबला की डॅशबोर्ड किंवा इंडिकेटर मंद उजळतो. हे काय आहे?

ही बहुधा अर्थिंग तुटल्याची खूण असते आणि ती समजून घेण्याजोगी आहे, कारण एकदा समजली की पुढे शोधाला फार वेळ लागत नाही.

डबल फिलामेंटच्या बल्बमधील दोन्ही तारांचे एक टोक आत एकत्र जोडलेले असून ते बल्बच्या धातूच्या बुडातून अर्थला जाते. ही अर्थची वायर तुटली किंवा गंजली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीचा रस्ता उरत नाही. तेव्हा तो त्या सामाईक टोकावरून टेल लाइटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, तिथून पार्किंगच्या वायरीने मागे जातो आणि दुसऱ्या बाजूचा टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डचा उजेड अशा ज्या दिव्यांची अर्थिंग चांगली आहे त्यांच्यातून पत्र्यावर उतरतो. म्हणून हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मंद उजळतो. इंडिकेटर आणि ब्रेक यांची अर्थ एकच असेल तर हाच करंट इंडिकेटरच्या बल्बमधूनही वाट काढतो.

रात्री याचे उलटे रूप दिसते, आणि ते अधिक घातक असते. पार्किंग लाइट लागलेला असताना ब्रेक दाबला की बल्बच्या दोन्ही फिलामेंटच्या बाहेरच्या टोकांना सारखेच व्होल्टेज मिळते, मधल्या टोकाला अर्थ नसल्याने करंट वाहतच नाही, आणि दिवा उजळण्याऐवजी विझतो. आंबोली किंवा कसारा घाटात धुक्यातून मागे येणाऱ्या चालकाला नेमक्या ब्रेकच्या क्षणी समोरची गाडी दिसेनाशी होते.

उपाय सोपा असतो. त्या बाजूच्या दिव्याची काळी किंवा तपकिरी वायर डिकीत कोणत्या बोल्टला जोडली आहे ते शोधावे, बोल्ट सोडवून पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून काढावा, वायरीचे टोक स्वच्छ करावे, घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ हात फिरवावा. अपघातानंतर पत्र्याचे काम आणि रंगकाम झालेल्या गाड्यांत हा बोल्ट रंगावरूनच आवळलेला सापडतो.

मल्टीमीटर होल्डरवर १२ व्होल्ट दाखवतो, तरी बल्ब लागत नाही. मीटर चुकीचा आहे का?

मीटर बरोबर आहे, मोजण्याची पद्धत अपुरी आहे. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक राहिली असली तरी त्या एका तारेतून मीटरपुरते व्होल्टेज पोहोचते. बल्बला मात्र पावणेदोन अँपियर हवे असतात आणि तेवढे त्या तारेतून जाऊ शकत नाहीत. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, पेडल दाबलेले असताना मोजावे.

अर्थच्या बाजूसाठी मीटरचे लाल टोक होल्डरच्या अर्थ संपर्काला आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरीने लावावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत आकडा असेल तर अर्थ निर्दोष आहे. अर्धा व्होल्ट ओलांडला तर बोल्ट सोडवावा, आणि १२च्या जवळ गेला तर अर्थ पूर्ण तुटलेली आहे. पॉझिटिव्हच्या बाजूसाठी लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळे होल्डरच्या ब्रेक संपर्काला लावावे. फ्यूज, स्विच आणि वायर मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट चालते. एक व्होल्टच्या वर गेली तर मधले टप्पे एकेक करून मोजावेत, घट कोणत्या तुकड्यात होते ते लगेच दिसते.

एक व्होल्टने काय बिघडते, असे वाटू शकते. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो, आणि भर उन्हात तेवढ्याने ब्रेक लाइट लागला की नाही हे मागच्याला ओळखता येत नाही.

तपासताना वायरीच्या आवरणात टाचणी टोचण्याची सवय टाळावी. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तिथेच तांबे हिरवे पडून नवा बिघाड होतो.

नवा फ्यूज घातला की ब्रेक दाबताच उडतो. शॉर्ट कुठे शोधावा?

फ्यूजवर फ्यूज जाळण्याऐवजी फ्यूजच्या जागी वायरी जोडलेला २१ वॅटचा बल्ब लावावा. शॉर्ट असेल तोवर हा बल्ब पूर्ण तेजाने जळतो आणि करंटवर मर्यादा राहिल्याने वायरींना धोका पोहोचत नाही. पेडलला पाय न लावताच तो पूर्ण जळाला तर शॉर्ट फ्यूज आणि स्विच यांच्या दरम्यान आहे. पेडल दाबल्यावरच जळत असेल तर तो स्विचच्या पुढे आहे. आता मागचे सर्व बल्ब काढावेत आणि मधल्या दिव्याचा कप्लर सोडवावा, कारण ते जोडलेले असताना त्यांच्यातूनही करंट जाऊन हा बल्ब पेटतो आणि दिशाभूल होते. बल्ब काढताच तो विझला तर दोष काढलेल्या बल्बांपैकी एकात आहे. तुटलेले फिलामेंट आतल्या आत दुसऱ्या तारेला चिकटल्याने असे होते. तरीही जळत राहिला तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर, मागचा कप्लर, डाव्या दिव्याची फांदी, उजव्या दिव्याची फांदी असे एकेक भाग वेगळे करावेत किंवा हाताने हलवावेत. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा लुकलुकतो, तो भाग उघडावा.

नंतर बसवलेल्या वस्तूंवर आधी नजर टाकावी. रिव्हर्स कॅमेरा, जादा पट्टीचे लाल दिवे, स्पॉयलरमधला दिवा यांच्यासाठी मूळ वायर सोलून नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि उन्हाने तिचा डिंक वितळला की तांबे पत्र्याला टेकते.

पावसाळ्यातच हा त्रास का वाढतो?

मागच्या दिव्याच्या काचेतली भेग किंवा तिच्यामागचे दबलेले गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) यांतून पाणी आत येते, होल्डरवर साचते आणि तांबे-पितळ गंजते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने हे काम पावसाविनाही चालू असते. दिव्याच्या आत दव दिसत असेल तर बल्ब बदलून भागणार नाही, गॅस्केट बदलावे लागेल. उंदरांचा उपद्रवही पावसात वाढतो. फार दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे बरेच दिवे अचानक बंद झाले असतील, तर मीटर काढण्याआधी बॉनेट उघडून आणि डिकीचे कार्पेट उचलून कुरतडलेल्या वायरी व लेंड्या शोधाव्यात.

हॅचबॅकच्या डिकीचे दार उघडताना-मिटताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी हजारो वेळा वाकतात. रबर शाबूत असले तरी आतले तांबे तुटलेले असू शकते. ब्रेक दाबून ठेवून दार हळूहळू वर-खाली करावे. मधला दिवा लागून विझू लागला तर नळी मागे सरकवून वायर तपासावी. तुटलेल्या जागी थोडी जादा लांबीची, लवचिक वायर जोडून सोल्डर वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवावे, अन्यथा सोल्डरच्या कडेलाच ती पुन्हा तुटते.

एलईडी दिवे आणि संगणक असलेल्या गाडीत काय वेगळे करावे लागते?

एलईडीचा मोठा फायदा असा की तो तत्क्षणी उजळतो, तर फिलामेंट पूर्ण तेजावर यायला सुमारे ०.२ सेकंद घेते. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी साडेचार मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते. मात्र फिलामेंटच्या होल्डरमध्ये बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब बसवला तर टेल आणि ब्रेक यांच्या उजेडात पुरेसा फरक राहत नाही, हा दोष वारंवार दिसतो. दिवसा, दहा-पंधरा पावलांवरून फरक स्पष्ट दिसत नसेल तर तो बल्ब काढावा.

बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक स्विच दिव्यांना थेट करंट देत नाही. तो संगणकाला निरोप देतो आणि संगणक दिवे पेटवतो. काही गाड्यांत एकाच फिलामेंटला अतिशय जलद चालू-बंद करून टेल लाइटचा मंद उजेड मिळवला जातो, त्यामुळे साधा मीटर पाच-सहा व्होल्टसारखा विचित्र आकडा दाखवतो, तो बिघाड नसतो. अशा गाडीत स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) लावून ब्रेक दाबल्यावर स्विचची नोंद बदलते का, हे प्रथम पाहावे. पी०५७१ हा कोड ब्रेक स्विचच्या सर्किटचा आणि पी०५०४ हा त्याच्या दोन संपर्कांची माहिती परस्परांशी न जुळण्याचा असतो. दुसरा कोड दिवे व्यवस्थित लागत असतानाही येतो, कारण बिघाड संगणकाकडे जाणाऱ्या दुसऱ्या संपर्कात असतो. संगणकाच्या वायरींवर फिलामेंटचा टेस्ट लॅम्प वापरू नये, मल्टीमीटरच वापरावा.

अमेरिकेत वापरत असलेल्या गाडीलाही हीच पद्धत लागू होते का?

बहुतांश होते, पण एक मोठा फरक आहे. तिकडे मागचे इंडिकेटर लाल असणे चालते आणि पुष्कळ गाड्यांत ब्रेक व इंडिकेटर यांचे फिलामेंट एकच असते. जुन्या रचनेत ब्रेकचा करंट स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्विचमधून फिरून मागे जातो. मधला दिवा, जो तेथे १९८६च्या मॉडेल वर्षापासून मोटारींना बंधनकारक आहे, तो लागत असेल आणि खालचा एक किंवा दोन्ही लागत नसतील, तर बल्बनंतर इंडिकेटर स्विचवर संशय घ्यावा.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवता येईल का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे पायाचा ब्रेक लागताच मागे लाल दिवा लागणे आवश्यक आहे. तिन्ही दिवे बंद असतील तर गाडी गॅरेजपर्यंतही दिवसा, कमी रहदारीत, हळू आणि शक्य तर मागे ओळखीची गाडी ठेवून न्यावी. एक बल्ब गेला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा.

गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या वायरमनकडे गेल्यावर काय सांगावे?

‘ब्रेक लाइट लागत नाही’ एवढ्यावर थांबू नये. कोणता दिवा लागतो, कोणता लागत नाही, पार्किंग लावल्यावर काय बदलते, हॉर्न वाजतो का, बिघाड पावसानंतर किंवा डिकी आपटल्यावर सुरू झाला का, मागे कोणती जादा वस्तू कधी बसवली, हे सांगावे. वायर कापून ‘डायरेक्ट’ करण्याचा प्रस्ताव आला तर नाकारावा आणि मूळ वायर कुठे तुटली आहे ते शोधण्यास सांगावे. काम झाल्यावर बदललेला भाग परत मागावा, आणि निघण्यापूर्वी इंजिन सुरू ठेवून, पार्किंग लाइट व इंडिकेटर लावलेल्या अवस्थेत, तिन्ही ब्रेक लाइट स्वतः मागे उभे राहून पाहावेत.